बेचिराग : गाडी गेली, गाव राहिलं

आपल्या महसुली दप्तरात एक शब्द आहे, बेचिराग. फारसीतून आलेला. चिराग म्हणजे दिवा, बेचिराग म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते गाव. गावाचं नाव कागदावर असतं, शिवार असतं, गट नंबर असतात, पण राहायला कुणी नसतं. बोलताना आपण त्याचं ‘बेचिराख’ केलं आणि दिव्याच्या जागी राख आली. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत आजही अशी गावं वेगळी दाखवलेली असतात. लोकसंख्येच्या रकान्यात आकडाच नसतो.

हे सगळं आठवायचं कारण पाचोरा-जामनेर गाडी, म्हणजे आपली पीजे. मार्च 2020 मध्ये देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या, तशी तीही थांबली. बाकीच्या पुन्हा धावायला लागल्या, ही लागली नाही. तेव्हापासून ‘गाडी गेली, आता गावं मरणार’ हे वाक्य चहाच्या टपरीपासून चर्चासत्रापर्यंत ऐकू येतं. माझा विषय भूजलाचा, एम. एस्सी. भौतिकशास्त्रात, रेल्वेचा इतिहास हा काही माझा प्रांत नाही. पण स्टेशनांजवळच्या जुन्या विहिरी बघता बघता मी या वाक्यापाशी अडकलो. तुमच्यापैकी बरेच जण ‘पेट’ देऊन सिनॉप्सिसच्या तयारीत आहात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. कारण हे वाक्य दिसायला निष्कर्ष असलं तरी ते गृहीतक आहे, आणि तपासायला घेतलं की फार मजेशीर वागतं.

आधी असं गाव बघू जे खरोखर गाडीमुळे जन्मलं आणि गाडीमुळेच मेलं. अमेरिकेच्या युटा राज्यात सिस्को नावाचं ठिकाण आहे. आजूबाजूला वाळवंट, पाऊस वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आसपास. 1880 च्या दशकात डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न रेल्वेचा मार्ग तिथून गेला आणि इंजिनाला पाणी भरायला तिथे थांबा झाला. थांबा झाला म्हणून दारूचा गुत्ता, दुकान, खानावळ आली. मग आसपासच्या मेंढपाळांची लोकर गाडीत चढू लागली. पाणी गावात नव्हतंच. ते काही मैलांवरच्या कोलोरॅडो नदीतून पंपाने आणलं जायचं.

इंजिनासाठी एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न बारावीच्या भौतिकशास्त्रावर सुटतो. पंचवीस अंशाच्या एक किलो पाण्याची बॉयलरच्या दाबाला वाफ करायला साधारण 2,700 किलोज्यूल ऊर्जा लागते. चांगला कोळसा किलोला 25,000 किलोज्यूल देतो, पण त्यातली निम्म्याहून थोडी जास्तच प्रत्यक्ष पाण्यापर्यंत पोचते. 65 टक्के धरा. म्हणजे 16,250. भागून बघा, एक किलो कोळशामागे सहा किलो पाणी. आणि हे पाणी परत मिळत नाही. सिलिंडरमध्ये काम करून वाफ धुराड्यातून ‘भक् भक्’ करत आकाशात जाते. थोडक्यात वाफेचं इंजिन कोळसा खातं त्याच्या सहापट वजनाचं पाणी पितं. कोळसा लांबच्या मुक्कामापर्यंत पुरतो, पाणी मधेच संपतं. त्यामुळे वाळवंटात थांबे कुठे असावेत हे माणसांच्या वस्तीने ठरवलं नाही, टाकीच्या मापाने ठरवलं. जिथे इंजिनाची तहान लागणार तिथे गाव.

मग डिझेल आलं. डिझेल इंजिनालाही थंड ठेवायला पाणी लागतं, पण ते तेच तेच आतल्या आत फिरत राहतं. 1950 च्या दशकात वाफेची इंजिनं गेली आणि सिस्कोच्या टाकीचं काम संपलं. तरी गाव लगेच मेलं नाही. गावातून मोटारींचा महामार्ग जात होता, पेट्रोल पंप होते, आसपास तेल आणि वायूचा शोध चालू होता. 1970 च्या सुमारास नवा आंतरराज्य महामार्ग गावाला वळसा घालून गेला, तेव्हा सिस्को बसलं. आज तिथे पडकी लाकडी घरं, गंजलेल्या गाड्या आणि मोजकी माणसं आहेत.

इथे एक गोष्ट सहज निसटते. सिस्कोतून रेल्वे गेलेली नाही. रूळ तिथेच आहेत, मालगाड्या जातात, शिकागोहून कॅलिफोर्नियाला जाणारी प्रवासी गाडीही त्याच रुळांवरून जाते. ती थांबत नाही, एवढंच. सिस्कोत रूळ राहिले आणि गाव गेलं. आता हे चित्र पाचोरा-जामनेरवर ठेवून बघा. इथे गाडी गेली आणि शेंदुर्णी आहे तिथे आहे, पहूरच्या चौकात एसटीला वाट मिळत नाही, जामनेर तर वाढतंच आहे. दोन्ही ठिकाणी ‘रेल्वेचा थांबा बंद पडला’ हे एकच कारण सांगितलं जातं आणि परिणाम उलटे. एकाच कारणाला दोन उलटे परिणाम चिकटले की समजायचं, कारण नीट ओळखलेलं नाही.

पीजे ही अडीच फुटी अरुंद मार्गाची गाडी, लांबी 56 किलोमीटर, सुरू झाली 1918-19 च्या सुमारास. पाचोरा, वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा, जामनेर. ही नावं नकाशावर नद्यांसकट बघा. पाचोरा हिवरा नदीवर, शेंदुर्णी सोन नदीवर, पहूर वाघूरवर, जामनेर कांगवर. म्हणजे बहुतेक स्टेशनं अशा गावांना मिळाली जी पाण्याच्या काठी आधीच वसलेली होती. शेंदुर्णीला त्रिविक्रमाचं मंदिर आहे, यात्रा आहे, बाजार आहे. अजिंठ्याच्या डोंगरातून उतरणाऱ्या वाटा पहूरला येऊन मिळतात. जामनेर पट्ट्यात कापूस होता. तो बैलगाडीने पाचोऱ्याला नेण्यापेक्षा छोट्या गाडीने नेणं स्वस्त, म्हणून गाडी आली. पाचोऱ्याला पुन्हा गाठोडी उतरवून मोठ्या गाडीत चढवावी लागायची, कारण दोन मार्गांची रुंदी वेगळी. तरी ते परवडायचं.

सिस्कोला रेल्वेने गाव आणलं, इथे गावांनी रेल्वे आणली. पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, काळी जमीन, बाजार, तालुक्याचं ठिकाण, एसटीचा रस्ता, हे सगळं गाडी गेल्यावरही शिल्लक राहतं. टाकी काढून घेतली की सिस्कोकडे काय उरत होतं? मेंढ्या आणि वारा. (आणि पुढे काही काळ पेट्रोल पंप.)

सांख्यिकीत याला निवडीचा प्रश्न म्हणतात. स्टेशन कुठल्या गावाला मिळेल हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. जे गाव आधीच मोठं, त्याला स्टेशन. शंभर वर्षांनी आपण बघतो आणि म्हणतो, ‘स्टेशनवाली गावं मोठी आहेत, म्हणजे रेल्वेने गावं मोठी केली.’ केलीही असतील. पण स्टेशन नसतं तर ती किती असती, हे आपण बघितलेलंच नाही.

खानदेशात हा प्रश्न जिल्ह्याच्या मापातही दिसतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य मार्ग 1860 च्या दशकात चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा गेला. धुळे बाजूला राहिलं. आता धुळे म्हणजे लहानसहान गाव नव्हे. 1818 नंतर कॅप्टन ब्रिग्जने तिथे नवी पेठ आखली होती आणि अख्ख्या खानदेशचा कारभार तिथून चालत होता. चाळीसगावहून धुळ्याला फाटा आला थेट 1900 साली. मधल्या तीसेक वर्षांत जळगावला कापसाचा बाजार उभा राहिला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला आलेला भाव आणि रेल्वे, दोन्ही एकाच दशकात आले, त्यामुळे श्रेय कुणाचं किती हे वेगळं काढणं अवघड आहे. 1906 मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि पूर्वेचं ठाणं जळगाव झालं. रेल्वेवाचून राहिलेलं धुळे मात्र बेचिराग झालं नाही, पश्चिमेचं ठाणं म्हणून टिकलं. कचेरी, कोर्ट, मुंबई-आग्रा रस्ता या गोष्टींनी त्याला धरून ठेवलं.

थाळनेरचं उदाहरणही लोक देतात. तापीकाठचं हे फारुकींचं पहिलं ठाणं, 1818 मध्ये इंग्रजांनी लढून घेतलेला किल्ला, आणि आज शिरपूर तालुक्यातलं एक गाव. ‘रेल्वे तिकडून गेली नाही ना, म्हणून.’ अहो, फारुकींनी बुऱ्हाणपूर वसवलं तेव्हाच थाळनेरची राजधानी हलली, आणि तेव्हा आगगाडी यायला साडेचारशे वर्षं अवकाश होता. कारण परिणामाच्या नंतर येत नाही, एवढा साधा निकष लावला तरी निम्म्या दंतकथा गळून पडतात.

खानदेशात गावं ओस पडलीच नाहीत असं मात्र नाही. भरपूर पडली, आणि रेल्वेच्या कितीतरी आधी. 1803-04 मध्ये होळकरांच्या फौजांची धामधूम आणि पाठोपाठ दुष्काळ, मग पेंढाऱ्यांच्या धाडी. 1818 मध्ये इंग्रजांच्या हाती खानदेश आला तेव्हा गावंच्या गावं रिकामी होती. ‘बेचिराग’ हा शब्द दप्तरात रुळला तो अशा काळांमुळे. त्यातली बरीच पुन्हा वसली, कारण जमीन आणि पाणी जागेवर होतं. वाळवंटातल्या थांब्याची गोष्ट इथे अडते: तिथे पुन्हा वसण्यासारखं खाली काही नसतं.

एक तिसरा प्रकारही आहे, त्यात ना टाकी रिकामी झाली ना रस्ता वळला. रामेश्वरमच्या टोकाला धनुष्कोडी होतं. 1914 मध्ये पांबनचा पूल झाला, गाडी धनुष्कोडीपर्यंत जायची आणि तिथून बोटीने लंकेला. 22-23 डिसेंबर 1964 च्या रात्री चक्रीवादळाने गाव आणि पांबनहून येणारी प्रवासी गाडी, दोन्ही गिळलं. नंतर ते राहण्यास अयोग्य म्हणून जाहीर झालं. तिथे रेल्वे आणि गाव एकाच रात्री गेले, म्हणून कोण कुणामुळे गेलं हा प्रश्नच उरत नाही. छायाचित्रांत मात्र धनुष्कोडी, सिस्को आणि बंद पडलेलं एखादं अरुंद मार्गाचं स्टेशन अगदी भावंडं दिसतात: पडकी भिंत, नावाची पाटी, झुडपं. छायाचित्र कारण सांगत नाही, फक्त अवस्था दाखवतं. सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर असं छायाचित्र टाकायचा मोह होतो. मी म्हणेन, ते शेवटच्या प्रकरणासाठी ठेवा.

आता पीजेकडे परत. ‘गावं मरतील’ हे तपासायचं कसं? साधी कल्पना अशी: स्टेशन असलेली गावं घ्या, तेवढ्याच मापाची, तशाच जमिनीची, पण स्टेशन नसलेली शेजारची गावं घ्या, आणि गाडी बंद होण्याआधी व नंतर दोन्ही गटांत काय बदललं ते बघा. नुसता बदल बघायचा नाही, दोन गटांच्या बदलांमधला फरक बघायचा. स्टेशनची गावं पाच टक्के घटली आणि बिनस्टेशनचीही पाचच टक्के घटली, तर दोष गाडीचा नाही.

वरवर पाहिलं तर पीजेचं प्रकरण यासाठी सोन्यासारखं आहे. एरवी एखादा मार्ग बंद होतो तो प्रवासी घटले म्हणून, आणि प्रवासी घटतात ते गाव बसत चाललं म्हणून. म्हणजे कारण आणि परिणाम एकमेकांच्या शेपट्या धरून फिरतात. इथे बंद पडण्याची तारीख बाहेरून आली. पण ज्या साथीने ती आणली त्याच साथीने शाळा बंद केल्या, बाजार बंद केले, पुण्या-मुंबईकडची माणसं गावी आणली. 2020 नंतर गावात दिसलेला कुठला बदल गाडीचा आणि कुठला साथीचा? त्यावर 2021 च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला, तो 2022 च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. त्या महिन्यांत या पट्ट्यात पीजेही नव्हती आणि लालपरीही क्वचितच. संशोधकाला हे गुंतागुंतीचं चल वाटेल. रोज पाचोऱ्याला कॉलेजला येणाऱ्या मुलीसाठी ते काळीपिवळीचं भाडं होतं.

आणि सगळ्यात मोठी अडचण: आकडा. 2011 नंतर आपल्याकडे जनगणना झालेली नाही. 2021 ची टळली, पुढची 2027 ची जाहीर झाली आहे. म्हणजे गाडी बंद पडल्यानंतर वरखेडीत किंवा भागदऱ्यात किती माणसं राहिली, याचा गावनिहाय मोजलेला आकडा आज कुणाकडेच नाही. ‘गावं ओस पडली’ म्हणणाऱ्याकडे नाही आणि ‘काही फरक पडला नाही’ म्हणणाऱ्याकडेही नाही.

तोवर हातावर हात धरून बसायचं कारण नाही. उपग्रहातून रात्रीचा उजेड मोजता येतो आणि हे आकडे फुकट उपलब्ध आहेत. बेचिराग शब्दाचा अर्थ आठवा. चारशे वर्षांपूर्वीचा कारकून जे बघत होता तेच आपण आता आकाशातून बघतो, दिवा लागतो की नाही. फक्त जपून. पहूरसारख्या महामार्गावरच्या गावात ढाबे आणि एलईडीचे खांब वाढले तर उजेड वाढेल, माणसं वाढली असं नाही. शाळांची पटसंख्या बघता येते, पण गावातली मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत गेली तरी पट घटतो. मतदार याद्या बघता येतात, पण पुण्याला गेलेला माणूस नाव गावातच ठेवतो. प्रत्येक साधन थोडं खोटं बोलतं. वेगवेगळ्या प्रकारे खोटं बोलणारी तीन साधनं एकच सांगू लागली तर कान द्यायचा.

माझं आजवरचं मत विचाराल, तर पीजेच्या मार्गावर गावं मेलेली नाहीत आणि मरणारही नाहीत. पण म्हणून नुकसान झालं नाही असं समजणं ही उलट्या बाजूची चूक. गाडीचं तिकीट एसटीच्या तुलनेत अगदी किरकोळ होतं. अशा गाडीने जी माणसं जातात त्यातली काही गाडी बंद झाल्यावर बसने जातात, काही मोटारसायकल घेतात, आणि काही जातच नाहीत. भाजीची पाटी घेऊन बाजाराला निघणारी बाई आठवड्यात दोनदा ऐवजी एकदा जाते. तपासणीसाठी पाचोऱ्याच्या दवाखान्यात जायचं म्हातारं माणूस ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणतं. न झालेल्या प्रवासाचं तिकीट फाडलं जात नाही, त्यामुळे त्याची नोंद कुठल्याच दप्तरात नसते. त्याची पडकी भिंतही उरत नाही, की कुणी जाऊन छायाचित्र काढावं. सिस्कोचं मरण डोळ्यांना दिसतं म्हणून त्यावर लेख होतात. इथलं नुकसान शोधायला घरोघर जाऊन ‘गेल्या महिन्यात कुठे जायचं होतं आणि गेला नाहीत?’ असं विचारावं लागेल. प्रश्नावलीत हा प्रश्न मी फार कमी ठिकाणी बघितलाय. बहुतेक प्रश्नावल्या ‘कुठे जाता?’ एवढंच विचारतात.

हे आत्ता करायला हवं, त्याला कारण आहे. पीजेचं रुंदीकरण आणि जामनेरपासून पुढे बोदवडपर्यंत विस्तार, मिळून 84 किलोमीटर, मंजूर आहे. बोरविहीर ते नरडाणा नवा मार्ग इंदूर-मनमाडच्या योजनेला जोडून घेतला आहे. एकदा मोठी गाडी धावू लागली की ‘रेल्वे आली आणि भरभराट झाली’ हे वाक्य तयारच आहे, आणि तेही ‘गाडी गेली, गावं मरणार’ याचंच भावंड. मधल्या गाडीविना वर्षांत लोकांनी काय सोडलं, हे आत्ता नोंदवलं नाही तर तुलनेला पायाच राहणार नाही. शिवाय मोठ्या मार्गावर थांबे कुठे असतील आणि तिकीट किती असेल, यावर ती जुन्या प्रवाशाची गाडी होते की नाही हे ठरेल. सिस्कोवरूनही शेवटी रोज गाडी जातेच.

बोरविहीर नावावरून आठवलं. चाळीसगाव-धुळे फाट्यावरच्या या स्टेशनच्या नावातच विहीर आहे, आणि त्याच फाट्यावर मोरदड तांडा नावाचं स्टेशन आहे. तांडा म्हणजे बंजाऱ्यांचा. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहणारे हे लोक, ज्यांचा धंदा गाड्या आणि रस्त्यांनी बसवला. धंदा गेला, तांडा तिथेच राहिला, आणि ज्या गाडीने धंदा नेला तिच्या पाटीवर त्याचं नाव आलं.

तर कुणाला हा विषय घ्यायचा असेल तर सुरुवात भागदऱ्यापासून आणि वरखेडीपासून करा, जामनेरपासून नको. जामनेरला तालुका आहे, कचेरी आहे, ते कशानेही तरेल. गाडीचा परिणाम दिसायचा तर तो सगळ्यात लहान थांब्यावर आधी दिसेल. गाईडला पटवायला 2011 चे गावनिहाय आकडे आणि रात्रीच्या उजेडाचा एक नकाशा पुरे. घरोघरची फेरी मात्र कापूस वेचणीनंतर ठेवा. त्याआधी दुपारी घरी कुणी भेटत नाही, आणि बघणाऱ्याला गाव उगाच ओस वाटतं.